सोळा इंची नळी

"मॅडम, भोक आडवं हाय."

फोनवर वाघचौरे होता. सहाशे मीटरवरच्या खंदकात बसून टार्गेट वर-खाली करायचं आणि प्रत्येक गोळी कुठे लागली ते कळवायचं, हे त्याचं काम.

"आडवं म्हणजे?"

"म्हंजी गोल न्हाई. गोळी टोकानं घुसलेलीच न्हाई, कुशीवर पडून गेलीया. इंचभर लांब भोक हाय. अन् लई खाली. मधल्या ठिपक्यापास्नं दोन हात."

मी रिसीव्हर हातात धरून समोर पाहिलं. गोणपाटावर पालथे पडलेले सुभेदार इंगवले रायफलीवरून गाल न उचलता माझ्या बोलण्याची वाट बघत होते. त्यांच्यामागे मेजर रणदिवे दुर्बीण लावून उभे होते. माळावर वारा उठायला लागला होता. घड्याळात साडेनऊ झाले होते, आणि दहानंतर त्या माळावर सहाशे मीटरची गोळी मारणं म्हणजे नुसती काडतुसं फुंकणं.

"खाली," मी म्हणाले. "दोन हात."

इंगवल्यांनी उजवा डोळा मिटला, उघडला, पुन्हा मिटला. मग बोटाच्या पेराने चोळला. तो डोळा ते का चोळतात, हे तिथे फक्त मला ठाऊक होतं.

ही शहाण्णव सालच्या मार्चमधली गोष्ट. मी एकोणतीस वर्षांची होते. कोळवाडीच्या माळावरच्या त्या चाचणी केंद्रात शास्त्रज्ञ म्हणून लागून मला तीन वर्षं झाली होती. रेंजवर मी एकटीच बाई. पहिलं वर्षभर लोक मला बघायला म्हणून कामं काढून यायचे. मग हळूहळू माझे आकडे बरोबर येतात असं सगळ्यांना कळलं आणि येणं थांबलं. आकडे बरोबर येतात, एवढीच माझी तिथली पत होती, आणि ती मी जिवापाड जपत होते.

मेजर रणदिवे उत्तरेतल्या एका उंच चौकीवरून आले होते. त्यांच्या तुकडीला आखूड रायफली हव्या होत्या. नेहमीची नळी चोवीस इंचांची. ती पाठीवर बांधून बर्फातल्या कपारींतून चढताना अडकते, आणि दगडाच्या आडोशात वळवता येत नाही. म्हणून सोळा इंचांची नळी. पण मारायचं होतं दरीच्या पलीकडे, सहाशे मीटरवर. नळी आखूड झाली की गोळीला वेग घ्यायला जागा कमी मिळते. तेव्हा प्रश्न एवढाच होता की अशा नळीत काडतूस कुठलं घालायचं.

दोन काडतुसं शर्यतीत होती. पहिलं लांबट, त्यात दारू भरपूर आणि गोळी हलकी, वेगवान. दुसरं बुटकं, दारू कमी, गोळी मात्र जड आणि निमुळती. हलकी गोळी निघताना सुसाट निघते. जड गोळी सावकाश निघते, पण मिळालेला वेग लवकर सोडत नाही. दोन्ही काडतुसांसाठी एकाच घडणीच्या दोन रायफली बनवल्या होत्या. वेग मोजायचं आमचं यंत्र महिनाभर दुरुस्तीला गेलेलं होतं. त्यामुळे वेगाचे आकडे मी हिशेबाने काढले होते, आणि त्या हिशेबात पहिलं काडतूस सरळ सरळ पुढे होतं. आमचे प्रमुख डॉ. केळुसकर यांनी तो तक्ता काडतूस ठरवणाऱ्या समितीपुढे ठेवला. समितीने मान डोलावली. "आमच्या गुरव मॅडमचं काम आहे," असं सरांनी भर बैठकीत सांगितल्याचं मला दोघातिघांनी येऊन सांगितलं होतं.

उरली होती फक्त प्रत्यक्ष मारून खात्री करायची. मेजरना सोमवारी परत निघायचं होतं. खिंड उघडली की सामानाच्या गाड्या वर जाणार आणि त्यांत चाळीस रायफली आणि त्यांची काडतुसं जाणार. पहिलं की दुसरं, ते शुक्रवारपर्यंत ठरायला हवं होतं. आज गुरुवार होता, आणि तीन दिवस पहिल्याच काडतुसाच्या गोळ्या खाली पडत होत्या; दुसऱ्याला अजून हातच लागला नव्हता.

"आजचं पुरे," मेजर म्हणाले. "वारा वाढलाय."

इंगवले उठले. गुडघ्यांवरची माती झाडत माझ्याजवळ आले. साताऱ्याकडचा माणूस, फौजेतून निवृत्त होऊन आमच्याकडे नेमबाज म्हणून लागलेला. वय छप्पन्न. नव्या रायफली आमच्या रायफल धरून ठेवणाऱ्या लोखंडी शिकंज्यात बसत नव्हत्या, म्हणून माणसानेच खांद्याला लावून मारायच्या होत्या, आणि आमच्याकडे माणूस म्हणजे इंगवले.

"मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या तक्त्यापरमानं रायफलीची दुर्बीण लावलीया मी. एक खूण इकडं-तिकडं न्हाई. तरी खाली जातंया."

"माहीत आहे, सुभेदारसाहेब."

"मग ह्योच असंल." त्यांनी डोळ्याकडे बोट नेलं आणि लगेच खाली घेतलं.

महिन्यापूर्वी त्यांनी मला औषधाच्या बाटलीवरची अक्षरं वाचून दाखवायला सांगितली होती. तेव्हा मला कळलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरायला लागला होता. "मेमध्ये रजा टाकतो, सातारला ऑपरेशन करून घेतो. जुलैमध्ये तपासणी हाय, तंवर सगळं साफ. तुम्ही फकस्त कुठं बोलू नका." मी शब्द दिला होता.

*

जेवणाच्या सुटीत मला डबा उघडवेना. खोलीत मी एकटी होते. पत्र्यावर वारा आपटत होता, खिडकीची कडी खडखडत होती. मी तीनदा उठून ती लावली. मग कपाटातून माझी हिशेबाची वही काढली आणि पहिल्यापासून बघायला लागले.

चूक सापडायला वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

जुन्या नोंदींत चोवीस इंची नळीचा वेग होता आणि वीस इंची नळीचा होता. चार इंच कापल्यावर वेग किती घटतो ते त्यातून कळत होतं. सोळा इंचांची नोंद कुठेच नव्हती. मी काय केलं होतं, तर चार इंचांना एवढी घट, मग पुढच्या चार इंचांना तेवढीच, असं धरून रेघ सरळ पुढे ओढली होती. पण पहिल्या काडतुसातली दारू सावकाश जळणारी. वीस इंचांत ती कशीबशी जळून संपते. सोळा इंचांत गोळी नळीबाहेर पडते तेव्हा उरलेली दारू बाहेर हवेत भडकते, गोळीच्या काही कामाची नाही. तीन दिवस नळीच्या तोंडाशी परातीएवढा जाळ दिसत होता आणि मी तो बघत होते. घट तेवढीच नव्हती. कितीतरी जास्त होती. मी नव्याने मांडणी केली. सेकंदाला नव्वद मीटर कमी. म्हणजे सहाशे मीटरवर पोचेपर्यंत गोळीचा जीवच जाणार. ती डगमगणार आणि आडवी पडणार.

दुसऱ्या काडतुसात दारू थोडी आणि चटकन जळणारी. ती सोळा इंचांत पुरी जळत होती.

मी वही मिटली. हात धुऊन आले. पुन्हा उघडली. आकडे तेच होते.

तेवढ्यात शिपाई बोलवायला आला. साहेबांच्या खोलीत सगळे जमलेत.

*

डॉ. केळुसकर वाईट माणूस नव्हते. मला नोकरीत घेताना "बाईला रेंजवर पाठवू नका" असं लिहिणाऱ्याला त्यांनी झाडलं होतं. पण समितीपुढे त्यांनी माझा तक्ता स्वतःच्या जबाबदारीवर ठेवला होता, आणि आता त्यांच्या टेबलावर आडव्या भोकांचं टार्गेट पसरलेलं होतं.

"तीन दिवसांत तीस गोळ्या," ते म्हणाले. "एकही मधोमध नाही. मेजर, वर हवा विरळ असते. तिथे वेग जास्त टिकेल, हे लक्षात घ्या."

"वर उणे वीस असतं, सर," रणदिवे म्हणाले. "गारठ्याने दारूचा जोर कमी होतो. ते इथे दिसत नाही. मला वर जाऊन शिकायचं नाहीये. माझी पोरं त्या दगडामागे असतील."

"मान्य. पण कागदावर हे काडतूस उत्तम आहे." सर माझ्याकडे वळले. "नलिनी, आकडे पुन्हा तपासलेस?"

मला आजही ती खोली दिसते. पंखा चालू होता, म्हणून टार्गेटच्या कोपऱ्यावर पेपरवेट ठेवलं होतं. इंगवले दाराजवळ उभे होते. त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं. माझ्या बोटांना अजून वहीवरची शाई होती.

"तपासले, सर," मी म्हणाले.

"बरोबर आहेत?"

"हो."

बोलून झाल्यावर मला कळलं मी काय बोलले. ते मागे घ्यायला एक क्षण होता. तो मी जाऊ दिला. मी स्वतःला सांगत होते, नंतर सरांना एकटं गाठून सांगेन. मेजरसमोर नको. सगळ्यांसमोर नको.

"मग उरतो नेमबाज," सर म्हणाले. आवाज त्यांनी जरा सौम्य केला होता. "इंगवले, वाईट वाटून घेऊ नका. पण वय कुणाला चुकत नाही. डोळे शेवटचे कधी तपासलेत?"

"गेल्या जुलैत, साहेब."

"आता तक्रार काही? नलिनी, तू रोज असतेस यांच्याबरोबर. तुला काही जाणवलं?"

मी टार्गेटकडे बघत राहिले. आडव्या भोकाला नेमबाज जबाबदार असूच शकत नाही, एवढंही मी बोलले नाही. नेम चुकला तर गोळी दुसरीकडे जाईल, पण जाईल टोकानेच. हे त्या खोलीत सगळ्यांना कळायला हवं होतं. पण कागदावरच्या आकड्यांवर सगळ्यांचा इतका विश्वास होता की कुणी तिकडे पाहतच नव्हतं.

इंगवले एक पाऊल पुढे आले.

"साहेब, मॅडमना का इचारता. मी सांगतो. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू हाय. चार म्हैनं झालं. मी लपवलं."

इंगवल्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"आता मी मारलेल्या गोळीवर कुणाचा इस्वास बसायचा न्हाई," ते म्हणाले. "बसूबी नये. माझाच बसंना झालाय. म्हणून मेजरसाहेबांनी मारावं. त्यांचा डोळा साफ हाय. उद्या सकाळी दोन्ही रायफली त्यांनी मारून बघाव्या. म्हंजी दोष रायफलीचा का माझा, त्ये कळंल. वर पोरं जायची हाईत."

"तुम्हाला कळतंय ना, हे तुम्ही काय बोलताय?" सरांनी विचारलं. "मला हे नोंदवावं लागेल."

"कळतंय, साहेब."

*

शुक्रवारी सकाळी सात वाजता वारा अजिबात नव्हता. मेजर गोणपाटावर आडवे झाले. इंगवले नेहमीच्या जागी नव्हते. ते मागे, काडतुसांच्या पेटीजवळ उभे होते, हात मागे बांधून.

पहिल्या रायफलीतून पाच गोळ्या. प्रत्येकीबरोबर नळीच्या तोंडाशी तो भडका. फोनवर वाघचौरे.

"दोन हात खाली. आडवं."

"खाली. आडवं."

"ही लागलीच न्हाई, मॅडम. कागदाबाहीर गेली."

"आडवं."

"आडवं."

मग दुसरी रायफल, बुटकं काडतूस. आवाज जरा बसका, जाळ नाहीच म्हटलं तरी चालेल. पहिल्या गोळीनंतर फोन बराच वेळ आला नाही. मीच विचारलं, "लागली का?"

"लागली की. गोल हाय. ठिपक्याच्या वितभर वर."

मेजरनी दुर्बिणीची खूण सारखी केली आणि आणखी चार मारल्या. चारही एका तळहाताखाली झाकतील अशा. सगळी भोकं गोल.

रणदिवे उठून उभे राहिले. कोपरांची माती न झाडताच ते इंगवल्यांकडे गेले आणि त्यांनी त्यांचा हात हातात घेतला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. इंगवल्यांनी फक्त मान हलवली.

त्याच दुपारी अहवाल झाला. 'सोळा इंची नळीस पहिले काडतूस अयोग्य, दुसरे योग्य.' कारणाच्या रकान्यात सरांनी लिहिलं, 'प्रत्यक्ष चाचणीतील निष्कर्ष.' माझ्या तक्त्याबद्दल कुणी विचारलं नाही. उलट चाचणी काटेकोर घेतली म्हणून अहवालात माझं नाव आलं. चाळीस रायफली दुसऱ्या काडतुसाच्या गेल्या.

आणि शनिवारी इंगवल्यांची वैद्यकीय तपासणी झाली. डोळ्याचा दोष लपवला म्हणून रेंजचा पास कायमचा काढून घेतला. सोमवारी ते गावी गेले. मी फाटकापर्यंत गेले होते. "येतो, मॅडम," म्हणाले. "तुम्ही सबूद पाळला. मीच बोललो ती गोष्ट येगळी."

*

पुढचे तीन आठवडे मला एका जागी बसवेना. काम करताना मध्येच उठायची, रेंजवर जायची, काही कारण नसताना परत यायची. सरांना एकटं गाठायला रोज वेळ होता. रोज मी दारापर्यंत जात होते.

मग एका रविवारी साताऱ्याची एसटी पकडली आणि तिथून त्यांच्या गावी गेले.

इंगवले ओसरीवर खुर्चीत बसले होते. उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी. ऑपरेशन होऊन सहा दिवस झाले होते. मला बघून ते उभे राहायला लागले.

"बसा, बसा," मी म्हणाले. "मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

आतून त्यांच्या पत्नीने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि चहाला आत गेल्या. मी सगळं सांगितलं. सरळ ओढलेली रेघ, न जळणारी दारू, सगळं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "कितीची चूक?"

"सेकंदाला नव्वद मीटरची."

ते पुटपुटत बोटांवर मोजायला लागले. वीस वर्षं गोळ्या मारलेल्या माणसाला तक्ता लागत नाही.

"नव्वद," ते म्हणाले. "म्हंजी सहाशेवर दोन हात खाली. बराब्बर दोन हात."

"हो."

"म्हंजी मी नीट मारत हुतो."

"हो. सगळ्या तीस गोळ्या तुम्ही नीट मारल्या होत्या."

त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. मी तो उजळलेला पाहिला. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला ह्ये कधी घावलं?"

खोटं बोलता आलं असतं. नंतर, अहवाल झाल्यावर सापडलं, असं म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं.

"गुरुवारी. दुपारी. सरांच्या खोलीत यायच्या आधी."

"आधी," ते म्हणाले.

"हो."

गोठ्यात म्हैस शिंगं घासत होती. मग ते बोलायला लागले तेव्हा आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचंच मला भय वाटलं.

"तीन दीस मी त्या डोळ्याला शिव्या घातल्या, मॅडम. म्हटलं, एवढी वर्षं साथ दिलीस अन् ऐन वक्ताला फितूर झालास. ह्यो फितूर झाला म्हणून मी तिथं तोंड उघडलं. पोरांचा जीव जाईल माझ्या डोळ्यापायी, असं वाटलं मला. अन् तुम्ही तिथंच बसला हुता. टेबलाच्या ह्या अंगाला. तुम्हाला ठावं हुतं."

"हो."

"मग बोलला का न्हाई?"

माझ्याकडे उत्तर होतं. एवढ्या पुरुषांत मी एकटी, एक चूक झाली की पुन्हा सगळे बघायला येतील, असं सगळं. तीन आठवडे मी ते मनात घोळवलं होतं. त्या ओसरीवर ते तोंडातून निघालं नाही.

"भ्याले," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. माफ केल्यासारखी नाही, नुसती ऐकल्यासारखी.

"मोतीबिंदू तर हुताच," ते म्हणाले. "त्ये तुमचं पाप न्हाई. पण मेमध्ये ह्यो काढून मी जुलैला हजर झालो असतो. अजून दोन-चार वर्सं मारलं असतं. मला दुसरं काय येतंय?"

चहा आला. त्यांच्या पत्नी हसून "घ्या बाई, लांबून आलाय" म्हणाल्या. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मी तो चहा प्यायले. इंगवल्यांचा कप तसाच राहिला.

"पाचला गाडी हाय," ते म्हणाले. मी उठले, पायरी उतरले. तेव्हा मागून म्हणाले, "मॅडम. त्यो तक्ता अजून तिथंच हाय?"

"फाइलमध्ये आहे."

"तसाच?"

"तसाच."

"मग माझ्याकडं काय आलाय?" या वेळी मात्र आवाज चढला. "उद्या दुसरी कुठली पल्टन आखूड नळी मागंल. कुणीतरी त्योच कागुद काढंल, तीच रेघ वडंल. जावा. आधी त्यो दुरुस्त करा. तुमच्या नावानं करा."

सोमवारी सकाळी नऊ वाजता मी सरांच्या टेबलावर दोन पानं ठेवली. चूक काय, केव्हा सापडली, त्या दिवशी त्यांना काय खोटं सांगितलं, आणि इंगवल्यांचा नेम अचूक होता, हे सगळं. सरांनी वाचलं. चष्मा काढला.

"हे कुणी मागितलं नव्हतं, नलिनी."

"माहीत आहे, सर."

"रेंजवरून तुला हलवावं लागेल. यावर मी गप्प बसू शकत नाही."

"हो, सर."

मला नोंदी विभागात टाकलं. पाच वर्षं मी तिथे होते. जुन्या तक्त्यांमधली प्रत्येक सरळ ओढलेली रेघ तपासणं हे काम मीच मागून घेतलं. आणखी दोन चुका सापडल्या. त्या माझ्या नव्हत्या.

त्या दोन पानांची एक प्रत मी इंगवल्यांना रजिस्टर पोस्टाने पाठवली होती. त्यांच्या सहीची पोचपावती परत आली. अक्षर मोठं, स्वच्छ, ओळीवर नीट बसलेलं. सहीखेरीज त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.